ऑटोलिसिस आणि कुजणं एकच नव्हे, किती वेळा सांगायचं

जनावराच्या पोस्टमॉर्टेम रिपोर्टात "अवयव सडलेले, मृत्यू दोन दिवसांपूर्वी" असं वाचलं की माझं डोकंच फिरतं. सडलेले म्हणजे नक्की काय? बॅक्टेरियांनी कुजवलेले की पेशींनी स्वतःच स्वतःला पचवलेले, म्हणजे ऑटोलिसिस झालेले? दोन्ही एकाच शब्दात कोंबलं की वेळेचा अंदाज तिथेच बोंबलला.

कुजणं सगळ्यांना माहितीये, त्यात वेळ घालवत नाही. आतड्यातले बॅक्टेरिया पसरतात, गॅस होतो, वास सुटतो, हायड्रोजन सल्फाइड आणि रक्तातलं लोह मिळून हिरवट-काळा रंग चढतो. लिव्हरला जिथे आतड्याचा वेढा टेकलेला असतो तेवढाच पट्टा काळा, बाकीचं लिव्हर तपकिरीच, असं पण दिसतं. (पित्ताशयाशेजारचा पिवळट-हिरवा डाग वेगळा बरं का, ते नुसतं झिरपलेलं पित्त असतं.)

ऑटोलिसिसला मात्र बॅक्टेरिया लागतच नाहीत. रक्त थांबलं, ऑक्सिजन संपला की पेशीच्या लायसोसोममधले (पेशीतल्या पाचक पिशव्यांमधले) एन्झाइम मोकाट सुटतात. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे गर्भाशयात मेलेलं पण इन्फेक्शन न झालेलं पिल्लू: हात लावला की कातडी सुटून येते, आतले अवयव लगद्यासारखे मऊ, पण गॅस नाही आणि कुजका वासही नाही. तिथेच बॅक्टेरिया शिरले की तेच पिल्लू फुगतं, कातडीखाली दाबलं की कुरकुर लागते.

म्हणजे वास नाही म्हणून ताजं, हे डोक्यातून काढा. शिवाय ऑटोलिसिस सगळीकडे एका वेगाने चालत नाही, स्वादुपिंड, आतड्याचं अस्तर, ॲड्रिनलचा (किडनीजवळच्या ग्रंथीचा) आतला भाग हे काही तासांतच बिघडतात, कातडी आणि स्नायू खूप टिकतात, त्यामुळे फक्त स्वादुपिंडाची स्लाइड बघून "जुनी केस" लिहिणारा माणूस खरं तर काहीच सांगत नसतो. एकाच शरीरातले दोन-तीन अवयव शेजारी ठेवून बघा, स्वादुपिंड गेलंय पण किडनीच्या पेशींचे न्यूक्लियस अजून ठसठशीत आहेत, तर फार वेळ झालेला नाही.

तेही तापमान धरूनच. गाय मेल्यावरही रूमेनमधलं (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातलं) आंबणं चालूच राहतं, वर एवढं मोठं धूड, त्यामुळे कान गार पडले तरी आतले अवयव तासन्‌तास गरम असतात आणि भराभर बिघडतात. लोकरीची मेंढी, चरबीवालं डुक्कर, तीच गत. आणि हो, त्याच रूमेनमुळे गायीचं पोट काही तासांत टम्म फुगतं, ते बघून दोन दिवस लिहू नका. तापाने किंवा सेप्टिसीमियाने मेलेलं जनावर तर लवकरच कुजतं, कारण बॅक्टेरिया आधीच रक्तात असतात.

मला सगळ्यात खटकतं ते आतड्याच्या स्लाइडवर. अस्तराचे तुकडे सुटून पोकळीत तरंगत असतात, मध्ये बॅक्टेरियांचे पुंजके, आणि खाली लिहिलेलं असतं "एन्टेरायटिस", म्हणजे आतड्याची सूज. अहो, न्यूट्रोफिल (सुजेवर धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी) कुठेयत? शरीर जिवंत असताना सूज आली असती तर पेशी धावून आल्या असत्या, मेल्यावर कोण धावणार!

सॅम्पल लवकर घ्या, तुकड्याच्या दहापट फॉर्मेलिनमध्ये टाका. उशीर होणारच असेल तर बॉडी फ्रिजमध्ये, ४ डिग्रीला. फ्रीझरमध्ये नको, बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात, मग स्लाइडवर तिसराच घोळ.