त्रिनिदाद-टोबॅगोला जायचंय? व्हिसा लागत नाही, पण तिकीट काढायच्या आधी हे वाचा

भारतीय पासपोर्टवर त्रिनिदाद-टोबॅगोला (वेस्ट इंडीजमधला दोन बेटांचा देश) फिरायला जायचं तर आधी व्हिसा काढावा लागत नाही, टूरिस्ट म्हणून 90 दिवसांपर्यंत राहता येतं. हे कळलं की लोक लगेच स्वस्तातलं तिकीट बुक करून मोकळे होतात आणि तिथेच फसतात. खरी कागदपत्रं वाटेतल्या देशासाठी लागतात आणि परत येताना आपल्याच एअरपोर्टवर लागतात.

आधी वाटेचं बघू. भारतातून पोर्ट ऑफ स्पेनला (तिथली राजधानी) डायरेक्ट फ्लाइट नाही. न्यूयॉर्क, मायामीवरून जाणार असाल तर अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो, तुम्ही एअरपोर्टच्या बाहेर पाऊल टाकणार नसलात तरी. बी1/बी2 (अमेरिकेचा टूरिस्ट-बिझनेस व्हिसा) असेल तर प्रश्न नाही, नसेल तर सी1 ट्रान्झिट व्हिसा, आणि त्याच्या अपॉइंटमेंटला किती वेळ लागेल याचा भरवसा नाही. टोरांटोवरून गेलात तर कॅनडाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो, त्याला फी नाही पण अर्ज करावाच लागतो. लंडनवरून गेलात तर ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा, मात्र अमेरिकेचा किंवा कॅनडाचा व्हॅलिड व्हिसा पासपोर्टवर असेल तर बऱ्याचदा सूट मिळते. हीथ्रोला उतरून पुढचं विमान लंडनच्याच दुसऱ्या एअरपोर्टवरून, गॅटविकवरून असेल तर इमिग्रेशनमधून बाहेर यावं लागतं, तेव्हा सूट कुठली लागू होते ते नीट वाचून घ्या. माझं स्पष्ट मत आहे की अमेरिकेचा व्हिसा हातात नसेल तर त्या रूटचं तिकीट कितीही स्वस्त दिसलं तरी घेऊ नका.

आता यलो फीव्हर (पीतज्वर), हे सगळ्यात जास्त लोक विसरतात. त्रिनिदाद हा यलो फीव्हरची जोखीम असलेला भाग धरला जातो (टोबॅगो त्यात नाही, पण बहुतेक जण त्रिनिदादच्या पिआर्को एअरपोर्टलाच उतरतात), त्यामुळे तिथून भारतात परत येताना लस घेतल्याचं सर्टिफिकेट दाखवावं लागतं. नसेल तर 6 दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. ही लस कुठल्याही दवाखान्यात चालत नाही, सरकारमान्य सेंटरवरच घ्यायची, मुंबईत एअरपोर्ट हेल्थ आणि पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनकडे मिळते, बाकी शहरांची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या साइटवर आहे. जाताना ओरिजिनल पासपोर्ट न्या. सर्टिफिकेट लस घेतल्यापासून 10 दिवसांनी लागू होतं आणि पुढे आयुष्यभर चालतं, म्हणजे निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून सगळंच कठीण होऊन बसतं. कार्ड हातात आलं की तिथेच उभं राहून बघा, नाव पासपोर्टसारखंच आहे ना, पासपोर्ट नंबर बरोबर आहे ना, तारीख, बॅच नंबर, डॉक्टरची सही आणि सेंटरचा शिक्का आहे ना. अंड्याची ॲलर्जी, प्रेग्नन्सी, 9 महिन्यांपेक्षा लहान बाळ किंवा साठीच्या पुढचे आईबाबा असतील तर आधी डॉक्टरांशी बोला, ही जिवंत विषाणूची लस आहे.

पिआर्कोला इमिग्रेशनवर किमान 6 महिने व्हॅलिड पासपोर्ट, परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा जवळ ठेवा. नातेवाइकांकडे उतरणार असाल तर त्यांचा पूर्ण पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवा, नुसतं "चगुआनासला (त्रिनिदादमधलं एक शहर) राहणार" म्हणून भागत नाही. किती दिवस द्यायचे ते शेवटी ऑफिसर ठरवतो, शिक्क्यावरची तारीख तिथेच वाचा. मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र बरोबर असलेलं बरं.

कधी जायचं? कार्निव्हल, म्हणजे तिथला रस्त्यावरच्या नाचगाण्याचा मोठा उत्सव, ॲश वेन्सडेच्या (ईस्टरआधीचा उपवासाचा काळ सुरू होतो तो बुधवार) आधीच्या सोमवारी-मंगळवारी असतो, 2027 मध्ये 8 आणि 9 फेब्रुवारीला. तेव्हा हॉटेलं खूप आधी भरतात, म्हणून ट्रान्झिट व्हिसाचं त्याहून आधी सुरू करा. गर्दी नको असेल तर दिवाळीला जा, तिथे ती सार्वजनिक सुट्टी असते आणि चगुआनासला दिवाळी नगर नावाचा मेळा भरतो. 30 मे 1845 ला फतेल रझाक जहाजातून पहिले भारतीय मजूर तिथे उतरले, म्हणून 30 मे ला इंडियन अरायव्हल डेची सुट्टी असते, तेव्हा जायलाही मजा येते. दत्तभक्तांनी कारापिचैमाचं दत्तात्रेय मंदिर चुकवू नये, तिथली हनुमानाची मूर्ती 85 फुटांची आहे, आणि वॉटरलूचं समुद्रातलं मंदिरही तिथून जवळच आहे. रस्त्यावर डबल्स खा, 'बारा' नावाच्या दोन मऊ तळलेल्या पोळ्या आणि मध्ये छोले, वर आंब्याचं कुचेला (तिथलं लोणचं), शाकाहारी माणसाचा सकाळचा प्रश्न सुटतो.

बॅग भरताना एक लक्षात ठेवा, मिलिटरी प्रिंटचे कपडे तिथे कायद्याने बंद आहेत, मुलांची टोपी किंवा हाफ पँटसुद्धा काढून ठेवा. आणि व्हिसाचे नियम मधेच बदलतात, तेव्हा पैसे भरायच्या आधी नवी दिल्लीतल्या त्रिनिदाद-टोबॅगोच्या हाय कमिशनला एक मेल टाका आणि आलेलं उत्तर प्रिंट काढून बरोबर ठेवा, चेक-इन काउंटरवर कोणी व्हिसा मागितला तर दाखवायला होतं.