‘मेन पाडलाय की!’ एवढ्यावर भागत नाही

2019 आणि 2021 च्या महापुरात कोल्हापुरात काही घरांत छोटे जनरेटर आले आणि त्यांच्यासोबत एक समजूतही पसरली: मेन स्विच पाडायचा, दोन्ही टोकांना पिन असलेली वायर घ्यायची, एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटला. झालं काम.

नाही हो. एकतर त्या वायरची एक पिन निसटली की हातात उघडे, जिवंत 230 व्होल्ट. दुसरं, घरचा एक पोलचा एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) फक्त फेज, म्हणजे जिवंत तार तोडतो; न्यूट्रल, म्हणजे परतीची तार जोडलेलीच राहते. आणि सवयीने कुणी मेन वर केला तर? जनरेटरची वीज उलटी डीपीकडे, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरकडे जाते. 11,000 व्होल्टचे 433 करणारा तोच ट्रान्सफॉर्मर उलटा चालतो आणि ‘बंद’ तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या हाताखाली हजारो व्होल्ट उभे राहतात. तेवढ्यात लाईन आलीच, तर लाईन आणि जनरेटर दोन्हींचा ताल जुळत नाही. क्षणभर फरक 650 व्होल्टपर्यंत जातो. मग जनरेटर गेलाच म्हणा.

यावर इलाज चेंजओव्हर स्विच. त्याच्या दांड्याच्या तीन जागा: एकीकडे लाईन, मध्ये बंद, पलीकडे जनरेटर. दोन्ही एकाच वेळी जोडलेच जात नाहीत. सिंगल फेजला दोन पोलचा, थ्री फेजला चार पोलचा, म्हणजे न्यूट्रलही तुटतो. फ्रिज-मोटर बंद ठेवून जनरेटर दोन मिनिटं स्थिरावू द्या, मगच दांडा फिरवा. बसवायला मात्र परवानाधारक वायरमनच बोलवा, शेजारचा हौशी पाव्हणा नको.