जावा ॲप्लिकेशन सर्व्हरची निवड

वाचकाने संकेतस्थळावर मागितलेले काम जावा प्रोग्रॅमकडे सोपवणारा आणि त्या प्रोग्रॅमसाठी डेटाबेसच्या जोडण्या सांभाळणारा सॉफ्टवेअरचा थर म्हणजे जावा ॲप्लिकेशन सर्व्हर. डेटाबेसशी बोलणे जेडीबीसी या जावाच्या ठरावीक इंटरफेसमार्फत होते. १९९७ साली जेडीके १.१ बरोबर आलेला तो आजही पाया आहे.

टॉमकॅट आणि जेटी हे हलके सर्व्हलेट कंटेनर, म्हणजे वेबवरून आलेले काम जावा प्रोग्रॅमकडे पोचवण्यापुरते सर्व्हर. वाइल्डफ्लाय, ग्लासफिश, पयारा, ओपन लिबर्टी आणि वेबलॉजिक हे भरगच्च सर्व्हर. निवडीचा खरा निकष डेटाबेसमधल्या व्यवहारांचा (ट्रान्झॅक्शनचा) आहे. कळंगुटच्या हॉटेलात खोलीचे आरक्षण आणि बिलाची नोंद एकाच डेटाबेसमध्ये होत असेल, तर साधा कमिट, म्हणजे नोंद पक्की करण्याचा आदेश, पुरतो आणि टॉमकॅट भागवतो. आरक्षण एका डेटाबेसमध्ये, हिशेब दुसऱ्यात, आणि दोन्ही नोंदी एकदमच पक्क्या व्हाव्यात किंवा एकदमच रद्द व्हाव्यात अशी अट असेल, तर टू-फेज कमिट लागतो, म्हणजे आधी दोन्ही डेटाबेसांची तयारी विचारून मग नोंदी पक्क्या करणे. भरगच्च सर्व्हरमध्ये त्याची सोय तयार मिळते. ऑनलाइन पैसे वळते करणारी सेवा, म्हणजे पेमेंट गेटवे, मात्र अशा व्यवहारात सामील होत नाही. म्हणून केवळ ऑनलाइन पैसे घ्यायचे आहेत या कारणाने मोठा सर्व्हर घेऊ नये. गोव्यातली बहुतेक हॉटेले, देवस्थाने, वाचनालये यांच्या संकेतस्थळांना टॉमकॅट पुरेसा आहे.

सर्व्हरच्या नावापेक्षा जोडण्यांच्या पूलकडे, म्हणजे डेटाबेसशी उघडून ठेवलेल्या जोडण्यांच्या साठ्याकडे, अधिक लक्ष द्यायला हवे. टॉमकॅट मुळात (सेटिंग न बदलता) २०० थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामे, चालवतो, पण त्याच्या पूलमध्ये मुळात ८ जोडण्याच असतात. नाताळच्या गर्दीत बाकीचे थ्रेड रांगेत ताटकळतात. आकडा डोळे मिटून वाढवणेही धोक्याचे, कारण डेटाबेसांपैकी पोस्टग्रेस मुळात १०० जोडण्या देतो आणि मायएसक्यूएल १५१. प्रत्येकी ८० जोडण्यांचे दोन सर्व्हर लावले की दोन्ही मर्यादा ओलांडल्या जातात.

दुसरा त्रास निवांत संकेतस्थळांना होतो. मायएसक्यूएल ८ तास स्वस्थ पडलेली जोडणी तोडतो, आणि सकाळी पहिल्या वाचकाला चूक दिसते. पावसाळ्यात वीज जाऊन राउटर बंद-चालू झाला तरी जोडण्या अशाच मरतात. जोडणी वापरण्याआधी तपासण्याची सोय पूलमध्ये चालू आहे ना, हे पाहून घ्यावे.

गोव्यात लिपीची बाब फार महत्त्वाची. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामात मराठीलाही स्थान मिळाले. लोकांची नावे मात्र रोमी (रोमन) लिपीतही लिहिली जातात. मायएसक्यूएल ८.० पूर्वी मुळातली लिपी-मांडणी, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, लॅटिन-१ होती. पोर्तुगीज नावांची चिन्हे तिच्यात बसतात, देवनागरी बसत नाही. त्यामुळे रोमी नावांनी चाचणी घेतलेला प्रोग्रॅम निर्दोष वाटतो आणि ‘शांताराम’च्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. डेटाबेस, जोडणी आणि सर्व्हरकडे येणारा फॉर्म या तिन्ही ठिकाणी यूटीएफ-८ ही सर्व लिप्या सामावणारी मांडणी ठरवावी. मायएसक्यूएलमध्ये तिचे नाव यूटीएफ८एमबी४.

जुना प्रोग्रॅम असेल तर आवृत्ती जपून घ्यावी. जावा ईई, म्हणजे हे सर्व्हर ज्यावर बेतलेले आहेत ते मानक, २०१७ पासून एक्लिप्स फाउंडेशन या संस्थेकडे जाऊ लागले, आणि तिथे त्याचे नाव जकार्ता ईई झाले. २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये पॅकेजांची (कोडच्या गटांची) नावे ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ झाली. टॉमकॅट ९ जुनी नावे ओळखतो, टॉमकॅट १० नवी. जुना कोड रूपांतर केल्याशिवाय १० वर चालत नाही.