पॅरिसाइट की सिंकिसाइट? घोळ नावातच आहे

सिंकिसाइट या खनिजाचं नावच 'गोंधळ' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलंय! ग्रीनलँडमधल्या नार्सारसुकचे हे स्फटिक लोक आधी पॅरिसाइटच समजत होते, मग १९०१ मध्ये गुस्ताफ फ्लिंकने हे वेगळं खनिज आहे म्हणून सांगितलं आणि झालेली चूक नावातच नोंदवून ठेवली. आणि पॅरिसाइटचा पॅरिस शहराशी काही संबंध नाही बरं का, ते कोलंबियातल्या मुझोच्या पाचूच्या खाणीत सापडलं आणि खाण चालवणारे जे. जे. पॅरिस म्हणून त्यांचं नाव लागलं.

दिसायला दोन्ही सारखीच, तपकिरी-पिवळसर, सहा बाजूंची, कडकपणाही मोहसच्या १ ते १० च्या मोजपट्टीवर साधारण साडेचारच्या आसपास. दोन्हीत तेच ते, कॅल्शियम, सिरियम आणि त्याची भावंडं (म्हणजे दुर्मिळ मृदा धातू), कार्बोनेट, फ्लोरिन. मग फरक कुठे? फक्त थर कसे रचलेत त्यात. सिंकिसाइटमध्ये सिरियम-फ्लोरिनचा एक थर झाला की कॅल्शियमचा एक थर येतो, पॅरिसाइटमध्ये सिरियमचे दोन थर गेल्यावर कॅल्शियमचा नंबर लागतो, आणि प्रत्येक दोन थरांमध्ये कार्बोनेट असतंच. म्हणजे एका कॅल्शियममागे सिंकिसाइटमध्ये सिरियम एक, पॅरिसाइटमध्ये दोन, आणि म्हणूनच शुद्ध सिरियमवालं धरलं तर सिंकिसाइटमध्ये ऑक्साइडच्या हिशोबात वजनाने साधारण ५१ टक्के सिरियम निघतं, पॅरिसाइटमध्ये ६१. पॅरिसाइट हाताला थोडं जड लागायला हवं, पण छोट्याशा स्फटिकात ते कळणं अवघडच.

बरं, केमिकल टेस्ट करून प्रश्न मिटतो का? नेहमी नाही. थरांची ठेवण इतकी जुळते की एकाच स्फटिकात खाली पॅरिसाइट, वर सिंकिसाइट, मध्येच बास्टनेसाइट (याच कुटुंबातलं, पण कॅल्शियम नसलेलं तिसरं खनिज) असं सगळं एकमेकांत गुंतून वाढतं, मग टेस्टमध्ये येतो तो सगळ्यांचा मिळून सरासरी आकडा. डॉने या स्फटिकशास्त्रज्ञ दांपत्याने १९५३ मध्ये क्ष-किरणांनी हे उलगडलं तेव्हा त्यात चौथंच एक खनिज निघालं, त्याला क्ष-किरण शोधणाऱ्या राँटगेनचं नाव दिलं, राँटगेनाइट. त्यामुळे फोटो बघून कुणी छातीठोकपणे 'पॅरिसाइटच आहे' म्हणालं की मी तरी आधी विचारतो, एक्स-रे केलाय का?