पीएचडीसाठी शेत विकावं लागत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपवर जुना मेसेज फिरतोय, थिअरी फिजिक्समध्ये पीएचडी करायची तर शेत विकावं लागतं. तसं नाही ओ. नेट, जेस्टसारखी परीक्षा आणि मुलाखत पास होऊन संशोधन संस्थेत सिलेक्शन झालं की फेलोशिप, म्हणजे संशोधन करताना दर महिन्याला पैसे मिळतात, सरकारी दर पहिली २ वर्षं महिन्याला ३७,००० आणि पुढं ४२,०००. थिअरी फिजिक्सचीच एक शाखा असलेल्या कंडेन्स्ड मॅटर थिअरीवाल्याला लॅबपण लागत नाही, धातू, चुंबक, सुपरकंडक्टर (विजेला अडथळा न करणारे पदार्थ) यांच्यातले असंख्य इलेक्ट्रॉन मिळून कसे वागतात ते गणित आणि कॉम्प्युटरवर काढायचं. अवघड भाग वेगळाच आहे, पीएचडीला पाचेक वर्षं, मग २-३ वर्षांचे पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम), पर्मनंट नोकरी बऱ्याचदा तिशीनंतर, हे पोरांना आधीच सांगा. खात्री करायची तर संस्थांच्या अ‍ॅडमिशनच्या जाहिराती वाचा की, फेलोशिपचे नियम तिथंच असतात.