बारदानापासून यूएन नंबरपर्यंत

केमिकलच्या व्यापारातले सगळ्यात जुने शब्द वजनाचे आहेत. भरल्या मालातून पोत्याचं, पिंपाचं वजन वजा करायचं ते बारदान, फारसीतून आपल्या बाजारात आलेलं. बिलावरचा ‘टेअर’ म्हणजे तेच, आणि त्याचं मूळ अरबी: टाकून द्यायचं ते. ॲसिडचा काचेचा मोठा कार्बॉयही मूळचा फारसी ‘कराबा’. इंग्रजीत जाऊन तो आपल्याकडे परत आला आणि आता प्लास्टिकच्या कॅनलाही त्याचंच नाव चिकटलं आहे. माल किती आला, किती गेला, किती शिल्लक, एवढंच हे शब्द सांगतात. माल पेटला किंवा सांडला तर काय होईल, यासाठी स्टॉकच्या वहीत रकानाच नव्हता.

तो रकाना फार महागात मिळाला. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी. घातक माल असलेल्या जहाजाने लाल निशाण लावायची रीत होती, पण युद्धाच्या धामधुमीत ते लावलेलं नव्हतं. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. आग विझवायला गेलेले कित्येक जवान गेले. देशात आजही १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. एक निशाण लावलं असतं तर सगळे वाचले असते असं म्हणता येणार नाही. पण ते नव्हतं, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

तीन वर्षांनी, १६ एप्रिल १९४७ ला, अमेरिकेतल्या टेक्सास सिटी बंदरात ‘ग्रँडकँप’ जहाज उडालं. माल होता अमोनियम नायट्रेट, कागदी पिशव्यांतलं खत. पाण्याने माल खराब होईल म्हणून झाकणं बंद करून आत वाफ सोडली गेली. पण अमोनियम नायट्रेट आपला ऑक्सिजन स्वतःच पुरवतं, त्यामुळे कोंडून ते विझत नाही. किमान ५८१ माणसं मेली. पिशवीवर ‘खत’ हे नाव होतं आणि ते खोटंही नव्हतं. फक्त आगीच्या वेळी ते काहीच कामाचं नव्हतं.

गंधकाम्ल, तेजाब, सल्फ्युरिक ॲसिड ही एकाच मालाची नावं, आणि प्रत्येक बंदराची भाषा निराळी. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने १९५६ मध्ये घातक मालाच्या वाहतुकीच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. गोदामात आपण रोज म्हणतो तो चार आकडी यूएन नंबर त्याच शिफारशींच्या परंपरेतला. सल्फ्युरिक १८३०, टोल्युइन १२९४, क्लोरीन १०१७. त्यासोबत धोक्याचे नऊ वर्ग आणि पॅकिंग ग्रुप आले: १ म्हणजे सर्वांत घातक, ३ म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य. ड्रमवर उठवलेल्या खुणेतला एक्स तिन्ही ग्रुपना चालतो, वाय दुसऱ्या-तिसऱ्याला, झेड फक्त तिसऱ्याला. म्हणजे बारदानालाही आता स्वतःची परीक्षा द्यावी लागू लागली. टँकरवरचा हॅझकेम कोड मात्र १९७० च्या दशकात लंडनच्या अग्निशमन दलाकडून आला, आणि तो वाचताना ते जाणवतं. पहिला आकडा थेट विझवणाऱ्याशी बोलतो: २ असेल तर पाण्याचा बारीक फवारा, ३ असेल तर फेस, ४ असेल तर पाणी जवळही आणू नका. शेवटी ई असेल तर परिसर रिकामा करायचा विचार करा.

मग भोपाळ. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री कीटकनाशकाच्या कारखान्यातल्या ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट होतं. त्याचा विषारी वायू शहरात पसरला. हॉस्पिटलात माणसं तडफडत होती आणि डॉक्टरांना वायू कोणता, उपचार काय, हे कळत नव्हतं. १९८७ मध्ये कारखाना कायद्यात कलम ४१-बी आलं: धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना द्यावीच लागेल. १९८९ च्या घातक रसायन नियमांनी सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालाचे धोके आणि त्यावरचे उपाय सांगणारा कागद, बंधनकारक केली. त्याच नियमांत व्यापाऱ्यासाठी आणखी मोठा बदल होता. साठ्याचा आकडाच धोक्याचं माप ठरला. क्लोरीनसाठी १० आणि २५ टन अशा दोन पायऱ्या ठरल्या. वरची गाठली की सुरक्षा अहवाल द्यावा लागतो. तोवर जास्त शिल्लक म्हणजे फार तर अडकलेलं भांडवल होतं.

२००३ मध्ये जीएचएस ही रसायनांचे धोके ठरवण्याची आणि लेबलवर दाखवण्याची जागतिक पद्धत प्रसिद्ध झाली. देशोदेशी वेगळ्या असणाऱ्या शीटला सोळा ठरावीक विभाग मिळाले, आणि लाल चौकटीतली नऊ चित्रं आली. मला त्या चित्रांचं मोल सगळ्यात जास्त वाटतं. मोटार वाहन नियमांत घातक माल नेणाऱ्या चालकाला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता यावी अशी अट आहे. ती अट ड्रम उतरवणाऱ्या हमालासाठी नाही. त्याच्या वाट्याला ज्वाळा, कवटी आणि गंजणाऱ्या हाताचं चित्र एवढंच येतं. आणि गोदामात रिपॅकिंग होऊन तोच माल पाच लिटरच्या जुन्या कॅनमध्ये ओतला गेला की ते चित्रही मूळ ड्रमवरच राहतं.