दैनिक मनन (रोजच्या वचनातून देवाची प्रीती ओळखणं)

दैनिक मनन म्हणजे ख्रिस्ती माणसं रोज बायबलमधला एक छोटा उतारा, कधी कधी तर फक्त एकच वचन घेतात, ते सावकाश वाचतात, त्यावर विचार करतात आणि त्याच शब्दांना धरून प्रार्थना करतात ती पद्धत. कुणी याला डिव्होशन म्हणतं, कुणी शांत वेळ, कुणी नुसतं "आजचं वचन". पाच-दहा मिनिटं लागतात, बरेच जण सकाळी उठल्याउठल्या करतात, काहींना रात्री झोपायच्या आधी जमतं. यात सगळ्यात जास्त वेळा येणारा विषय म्हणजे देवाची प्रीती, आणि ते साहजिकच आहे, कारण ज्याने आपल्यावर आधी प्रीती केली (१ योहान ४:१९) त्याचंच ऐकायला माणूस रोज बसतो.

याची मुळं पार जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूच्या आधीच्या भागात आहेत (येशूपासूनचा भाग तो नवा करार). स्तोत्र १ मधे धन्य कोण, तर जो परमेश्वराच्या नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करतो तो, आणि तिथे मनन करण्यासाठी जो हिब्रू शब्द आहे, हागा, त्याचा अर्थ पुटपुटणं, तोंडातल्या तोंडात घोळवत राहणं असा होतो. यशया ३१:४ मधे सिंह शिकारीवर गुरगुरतो तिथेही हाच शब्द आलाय. एकदा पकडलेलं वचन दिवसभर सोडायचं नाही, एवढा जोर त्या शब्दात आहे. दुसरी आठवण मान्नाची (निर्गम १६). रानात इस्राएल लोकांना आकाशातून अन्न मिळायचं ते त्या त्या दिवसापुरतं, उद्यासाठी ठेवलं की त्यात किडे पडायचे, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची परवानगी होती. रोजचं थोडंसं वचन म्हणजे आजचा मान्ना असं म्हणतात ते यावरूनच.

नंतरच्या काळात मठांमधे याला नीट शिस्त लागली. ६ व्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांच्या दिवसात वाचनाचे तास ठरवून दिले आणि १२ व्या शतकात ग्विगो दुसरा या मठाधिपतीने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा चार पायऱ्या सांगितल्या, आजही कॅथलिक लोक लेक्सिओ डिव्हिना म्हणजे दिव्य वाचन करतात ते याच पायऱ्यांनी. प्रॉटेस्टंट बाजूला जर्मनीतल्या हेर्नहूट गावची मोरेव्हियन मंडळी महत्त्वाची, तिथे ३ मे १७२८ ला त्या मंडळीचे पुढारी काउंट झिन्झेनडॉर्फ यांनी संध्याकाळच्या सभेत दुसऱ्या दिवसासाठी एक वचन दिलं, मग रोज ते वचन घरोघरी पोचवायची पद्धत पडली, आणि १७३१ पासून पूर्ण वर्षाची वचनं आधीच छापून येऊ लागली ती अजून दरवर्षी येतात. जुन्या करारातलं वचन चिठ्ठी काढून निवडतात आणि नव्या करारातलं त्याला जुळणारं शोधून जोडतात. ओस्वाल्ड चेंबर्स या प्रवचनकारांची गोष्ट तर माझ्या हृदयाला फार भिडते, ते १९१७ मधे इजिप्तमधे सैनिकांची सेवा करताना वारले, पण त्यांच्या पत्नीने त्यांची प्रवचनं शॉर्टहँडमधे लिहून ठेवली होती, त्यातूनच तिने रोजच्या मननांचं पुस्तक तयार केलं, ते १९२७ मधे आलं आणि आजपर्यंत वाचलं जातंय. २००८ मधे यूव्हर्जन हे बायबलचं ॲप आलं आणि आजचं वचन फोनच्या नोटिफिकेशनमधे येऊन बसलं.

आता प्रीतीबद्दल. मराठी बायबलमधे "देव प्रीती आहे" (१ योहान ४:८) असं आहे, तिथे ग्रीक शब्द अगापे. जुन्या करारातला त्याच्या जवळचा शब्द हेसेद, हा एका शब्दात मराठीत आणणं अवघड आहे, त्यात दया आहे, माया आहे आणि दिलेला शब्द कधीच न मोडणं पण आहे. स्तोत्र १३६ मधे २६ वचनं आहेत आणि प्रत्येक वचनाच्या शेवटी "त्याची दया सनातन आहे" असं येतं, ती दया म्हणजे हेच हेसेद. त्या स्तोत्रात सूर्य चंद्र तारे आहेत, तांबडा समुद्र दुभंगतो, मोठमोठे राजे पडतात, आणि शेवटी २५ व्या वचनात काय तर तो सर्व प्राण्यांना अन्न देतो, म्हणजे समुद्र दुभंगणारी प्रीती आणि ताटात वाढणारी प्रीती एकच.

मननातून ही प्रीती सापडते कशी हे एका वचनावर थांबूनच कळतं. देवाची करुणा रोज सकाळी नवी होते, हे विलापगीत ३:२२-२३ मधलं वचन बहुतेक प्रत्येक डिव्होशनच्या पुस्तकात असतंच, सुंदर पहाटेच्या फोटोवर लिहिलेलं असतं. पण ते लिहिलं गेलं तेव्हा यरुशलेम बाबेलच्या सैन्याने उद्ध्वस्त केलं होतं, मंदिर जळालं होतं, आणि याच अध्यायात थोडं वर हाच माणूस म्हणतो की देव माझ्यासाठी दबा धरून बसलेल्या अस्वलासारखा झाला (३:१०), त्याने खड्यांनी माझे दात पाडले (३:१६). हे कुणी फोटोवर लिहीत नाही. आणि हा अध्याय हिब्रू मुळाक्षरांवर रचलाय, २२ अक्षरं, प्रत्येक अक्षराला तीन वचनं, एकूण ६६. २२, २३, २४ ही वचनं एकाच अक्षराची, २२ वं हेसेदपासून सुरू होतं, २३ वं "नवी" या शब्दाने आणि २४ वं "माझा वाटा" या शब्दाने, म्हणजे परमेश्वर हाच माझा वाटा. रडत रडत एकेक अक्षर पुढे सरकताना तो माणूस त्या अक्षरापाशी आला आणि तिथे त्याला देवाची दया आठवली, आणि रडणं काही तिथे संपलं नाही, पुढे अजून दोन अध्याय आहेत. नुसती २३ वी ओळ वाचली की छान वाटतं, पण अस्वल आणि खडे वाचून मग २३ वी वाचली की कळतं, ही प्रीती राखेत बसलेल्या माणसापर्यंत पोचली होती.

कधी कधी वचनात प्रीती हा शब्दच नसतो. योहान २१:१२ मधे मरणातून उठलेला येशू शिष्यांना म्हणतो "या, न्याहारी करा", बस एवढंच. पण तिथे किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव पेटलेला आहे (२१:९), आणि त्या विस्तवासाठी जो ग्रीक शब्द आहे तो नव्या करारात फक्त दोनदा येतो, दुसरी जागा योहान १८:१८, जिथे येशूला पकडलं त्या थंडीच्या रात्री त्याचा शिष्य पेत्र विस्तवाशी शेकत उभा होता, आणि त्याच रात्री त्याने मी येशूचा शिष्य नाही म्हणत त्याला तीनदा नाकारलं. येशूने पेत्राला बोलावलं ते पुन्हा विस्तवाजवळच, तेही आधी खायला घालून, आणि मग तीन वेळा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का, तीन नकारांना तीन प्रश्न. पेत्राला शेवटी वाईटही वाटलं. असं काही दिसलं की मनन करणारा बराच वेळ त्या एका ओळीवर बसून राहतो आणि मला वाटतं तसंच बसावं, पुढचं वाचायची घाई करू नये.

घाईचा तोटा खरंच होतो. यिर्मया २९:११, तुमच्याविषयीच्या माझ्या योजना हिताच्या आहेत, हे वचन परीक्षा, नोकरी, लग्न सगळ्याला पाठवलं जातं, पण ते बाबेलात बंदिवान असलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे आणि त्याच्या आदल्याच वचनात ७० वर्षं सांगितली आहेत, म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जण परत घरी जाणारच नव्हते, आणि तरी देव त्यांना घरं बांधा, बागा लावा, या शहराचं भलं मागा म्हणतो. वचन कमी होत नाही यामुळे, उलट जास्त आधाराचं होतं. म्हणून आजचं वचन एकच असलं तरी वरच्या-खालच्या दहा ओळी वाचाव्यात, कोण कुणाला बोलतोय ते बघावं, आणि यात देव नेमकं करतो काय ते शोधावं, होशेय ११:३-४ मधे तो लेकराला चालायला शिकवतो, खाली वाकून भरवतो, सफन्या ३:१७ मधे तो आपल्या लोकांवरून गातो. ही क्रियापदं वहीत लिहून ठेवणारे बरेच आहेत आणि वर्षभराने ती वही वाचली की कुठल्या दिवशी काय मिळालं ते दिसतं.

काही दिवस काहीच जाणवत नाही, शब्द कोरडे वाटतात, तेव्हा देव रागावलाय असं समजायचं कारण नाही. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटचा शब्दच अंधार, पण ते लिहिणाराही देवाला "माझ्या तारणाऱ्या देवा" अशी हाक मारूनच सुरुवात करतो. अशा दिवशी बरेच जण नवीन काही शोधत नाहीत, ओळखीचं एखादं वचन हळू मोठ्याने वाचतात, अनेकदा गलतीकरांस २:२० चा शेवटचा भाग. एरवी मंडळ्यांना "आपण", "तुम्ही" म्हणत पत्रं लिहिणारा प्रेषित पौल तिथे एकटा होतो, म्हणतो, देवाच्या पुत्राने माझ्यावर प्रीती केली आणि स्वतःला माझ्यासाठी दिलं. काही जण ते दोनदा वाचतात, दुसऱ्यांदा "माझ्या" जागी स्वतःचं नाव घालून, आणि आजारी माणसाजवळ बसले असतील तर त्याचं.